बर्मा टीक, स्वेड फिनिश

घरातली कपाटं नव्यानं करून घ्यायचं ठरलं तेव्हा मिस्त्रींनी दोन जाडजूड कॅटलॉग आणून टेबलावर ठेवले. प्रत्येकात तळहाताएवढे शे-सव्वाशे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर एक आकडा आणि एक नाव. वेंगे, वॉलनट, ओक, मेपल, बर्मा टीक. नावापुढे फिनिश लिहिलेलं: ग्लॉस, मॅट, स्वेड. मी बराच वेळ नुसतीच पानं उलटत बसले, तेव्हा मिस्त्रींनी आपणहून एका तुकड्यावर बोट ठेवलं. "मॅडम, बर्मा टीक घ्या, स्वेडमध्ये. बोटांचे डाग दिसत नाहीत, बारीक ओरखडा लपतो. आणि सागाचा लूक कधी जुना होत नाही."

सल्ला व्यवहाराचा होता आणि बरोबरही होता. पण माझं काम भाषांतराचं, त्यामुळे नावांपाशी अडकायची खोड आहे. त्या तुकड्यात बर्मा नव्हता आणि सागही नव्हता. एक मिलिमीटर जाडीचा, राळेत भिजवून दाबलेला कागद होता. मग बर्मा तिथे आला कुठून? शिवाय कॅटलॉगवर कंपनीचं नाव काहीही असो, मिस्त्री त्या सगळ्याला 'सनमायका'च म्हणत होते. हार्डवेअरचा दुकानदारही तेच म्हणत होता, आणि माझी आईही गेली पन्नास वर्षं तेच म्हणते आहे. या दोन नावांचा माग काढत गेले तर बरीच लांबची वाट निघाली. एक फाटा कोडरम्याच्या खाणींकडे गेला आणि दुसरा रत्नागिरीच्या एका टेकडीवर.

आधी 'मायका'. हिंदीत मायका म्हणजे माहेर, पण इथला मायका तो नव्हे. हा इंग्रजीतला मायका, म्हणजे आपलं अभ्रक. 'अभ्र' म्हणजे ढग, त्यावरून अभ्रक. पापुद्र्यासारखे थर सुटणारं, चकाकणारं, उष्णतेला दाद न देणारं आणि वीज वाहू न देणारं खनिज. जुनी इस्त्री उघडून पाहिलेल्यांना आत तारेभोवती त्याचे पातळ पत्रे पाहिल्याचं आठवेल. विजेचा जमाना सुरू झाला तेव्हा मोटारी आणि जनित्रांच्या आत, तांब्याच्या भागांमध्ये विजेला अडवण्यासाठी अभ्रकाला पर्याय नव्हता. आणि जगाला लागणारं पत्र्याचं अभ्रक मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जात होतं: कोडरमा-हजारीबागच्या पट्ट्यातून, जो आज झारखंडात आहे, आणि आंध्रात नेल्लोरच्या बाजूनं. खाणीतून निघालेले ठोकळे हातानं सोलून, सुरीनं कापून, थर वेगळे करायचे. या कामात बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं असत.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर हे दोन तरुण अभियंते काम करत होते. लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञानं थोडीच वर्षं आधी, १९०७ साली, बेकलाइट शोधलं होतं. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेली ही राळ एकदा तापून घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. कापड किंवा कागद या राळेत भिजवून थरावर थर दाबले तर विजेला अडवणारा कणखर पत्रा तयार होतो, हे या दोघांच्या लक्षात आलं. १९१३ साली त्यांनी नोकरी सोडून सिनसिनाटीत स्वतःची कंपनी काढली. हा पत्रा मायकाच्या ऐवजी वापरायचा, 'फॉर मायका', म्हणून त्याचं नाव फॉर्मायका.

म्हणजे आपल्या कपाटांवरच्या या पत्र्याच्या नावातच 'ऐवजी' दडलेला आहे. ज्या खनिजाची जागा घ्यायला तो जन्मला ते खनिज आपल्याकडचं. पुढे काही दशकांनी तो आपल्याकडे आला तेव्हा अभ्रकाचंच नाव लावून आला. कोडरम्यात आज पत्र्याच्या अभ्रकाचा तो जुना व्यापार उरलेला नाही. खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे चुरे वेचण्याचं काम मात्र चालू आहे. त्या चुऱ्याला तिकडे 'ढिबरा' म्हणतात. तो सौंदर्यप्रसाधनांत आणि गाड्यांच्या रंगांत चमक आणायला जातो, आणि तो वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात हे अनेक वर्षं जगजाहीर आहे. जुन्या मालाचा व्यवसाय गेला, चमक पुरवण्याचं काम शिल्लक राहिलं.

फॉर्मायका सुरुवातीला दिसायला काहीच नव्हता. फिनॉलची राळ मुळात गडद, तपकिरी-काळी, त्यामुळे पत्राही तसाच. त्याला घरात यायला दोन गोष्टी लागल्या. पहिली छपाईची. १९२०च्या दशकात गडद थरांवर एक अपारदर्शक कागद घालून त्यावर छापील चित्राचा कागद दाबायची युक्ती निघाली. आतला काळेपणा झाकला गेला आणि वर लाकडाच्या रेषा किंवा संगमरवराच्या शिरा छापता येऊ लागल्या. दुसरी गोष्ट मेलामाइनची. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मेलामाइनची राळ औद्योगिक प्रमाणात मिळू लागली. ती पाण्यासारखी नितळ, कठीण आणि उष्णतेला टिकणारी. आता वरचा थर पांढरा, पिवळा, फिकट निळा, हवा तसा ठेवता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी स्वयंपाकघरांचे ते हलके, आनंदी रंग या राळेचे आहेत.

पत्रा होतो कसा, हे फिनिश निवडणाऱ्यानं एकदा समजून घ्यावं. खाली फिनॉलच्या राळेत भिजवलेल्या जाड तपकिरी क्राफ्ट कागदाचे काही थर, त्यांवर मेलामाइनमध्ये भिजवलेला छापील कागद, आणि काही वेळा त्याच्याही वर एक पारदर्शक पापुद्रा. ही चळत पोलादी पाट्यांमध्ये ठेवून सुमारे १४० अंशांच्या उष्णतेत, दर चौरस सेंटिमीटरला सत्तर किलो किंवा त्याहून अधिक दाबाखाली शिजवतात. राळ वाहते, थर एकजीव होतात आणि घट्ट होतात. त्या क्षणी वरची पाटी जशी असेल तसा पत्र्याचा चेहरा होतो. पाटी आरशासारखी घासलेली असेल तर ग्लॉस, किंचित खरखरीत असेल तर मॅट किंवा स्वेड, लाकडाच्या रेषांसारखे चरे असतील तर बोटांना लाकूड जाणवतं. फिनिश हा वरून दिलेला लेप नसतो, तो ठसा असतो. खिळ्यांच्या छपाईचा कागद उलटा धरून ज्यांनी अक्षरांवर बोट फिरवलं असेल त्यांना हे चटकन कळेल. ग्लॉसवर प्रत्येक ओरखड्याची रेघ उजेडात चमकते आणि स्वेडवर ती हरवते, त्याचं कारणही हेच. स्वेड मुळातच बारीक चरांचा असतो.

आपल्याकडे हा पत्रा मध्यमवर्गाच्या घरात रुळला तो साधारण १९६० नंतर. त्याच्या दर्जाचं भारतीय मानक, आयएस २०४६, त्याच दशकातलं. बरोबर आणखी एक वस्तू आली. फेव्हिकॉल १९५९चा. तोवर सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या वड्या, भांड्यात पाणी घालून चुलीवर वितळवायच्या आणि गरम असतानाच लावायच्या. त्या वासाची आठवण जुन्या सुतारांना अजून आहे. डब्यातला पांढरा, थंड, बिनवासाचा डिंक आणि आठ बाय चारचा तयार पत्रा यांनी सुतारकाम बदललं. रंधा मारून, काचकागद घासून, लाखेच्या पॉलिशचे हात देऊन लाकडाचा पृष्ठभाग तयार करण्यात जे दिवस जात, ते वाचले. ती कलाही त्याबरोबर हळूहळू गेली. मिस्त्रींच्या वडिलांना पॉलिश येत असे, त्यांना स्वतःला येत नाही. हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात ना खंत होती ना अभिमान.

पण या पत्र्यानं काय नेलं हे मोजताना काय दिलं तेही मोजावं. आमच्या आजोळी जमीन शेणानं सारवली जायची. सारवण हाही पृष्ठभागच, आणि दर आठवड्याला नव्यानं करावा लागणारा. ते काम कोणाचं होतं हे सांगायला नको. शहरात कडप्प्याचा ओटा आला, तरी फळ्यांवरची वाळवी, तेलाचे ओघळ, लाकडात मुरलेल्या हळदीचे डाग हे बाईच्याच वाट्याला. सनमायकानं दिलेलं वचन लहान होतं: ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ. ते त्यानं बऱ्यापैकी पाळलं. आईचं सत्तरच्या दशकातलं जेवणाचं टेबल अजून आहे. पिवळसर पांढरा पत्रा, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी. एका कोपऱ्यात पत्रा उचकटला आहे आणि तिथे ती काळी-तपकिरी कड दिसते. लहानपणी मला वाटायचं की ते कुजलं आहे. ती फिनॉलची राळ होती, १९१३च्या फॉर्मायकाचा मूळ रंग.

आता दुसरं नाव, बर्मा टीक.

सनमायका हे नाव अनेक वर्षं ज्या कंपनीच्या मालकीचं होतं तिचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. लॅमिनेटचा तो व्यवसाय पुढे जपानच्या आयका कंपनीकडे गेला. पण बॉम्बे बर्मा हे नाव पाहून मी थबकले, कारण ते मला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत होतं.

वॉलेस या स्कॉटिश बंधूंनी १८६३ साली मुंबईत ही कंपनी उभी केली ती बर्मातल्या सागासाठी. सागाची तोड हे धीराचं काम आहे. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून आधी बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड गोल छाटतात. झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळतं, मग ते पाडतात, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवतात, आणि पावसाच्या पुराबरोबर ओंडके इरावतीसारख्या नद्यांतून खाली बंदराकडे जातात. ऑर्वेलच्या 'बर्मीज डेज'चा नायक फ्लोरी अशाच एका लाकूड कंपनीचा माणूस आहे. १८८०च्या दशकात खालचा बर्मा इंग्रजांकडे होता, वरचा अजून मंडालेच्या राजाकडे. वरच्या बर्मातली जंगलं बॉम्बे बर्मानं मक्त्यानं घेतली होती. कंपनी तोडते त्याहून पुष्कळ कमी ओंडके दाखवते आणि राजाचा महसूल बुडवते, असा आरोप झाला. १८८५च्या ऑगस्टमध्ये राजाच्या मंत्रिमंडळानं कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला.

कंपनीनं इंग्रज सरकारकडे धाव घेतली. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात सैन्य इरावतीतून बोटींनी वर निघालं, आणि महिना संपायच्या आत मंडाले पडलं. साग हे या युद्धाचं कारण की निमित्त, यावर इतिहासकार वाद घालतात. फ्रेंचांची वाढती ये-जा, चीनकडचा व्यापारी मार्ग अशी इतर कारणंही होती. पण निमित्त म्हटलं तरी ते सागाचंच होतं. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा बर्मा खालसा झाल्याचं जाहीर झालं.

राजा थिबा तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६च्या उन्हाळ्यात रत्नागिरीला आणलं. समुद्र आहे, आगगाडी नाही, सुटायला वाट नाही. तीस वर्षं तो तिथे राहिला. टेकडीवरचा राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला तो १९१०च्या सुमारास. १९१६च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. राणी सुपयालत पुढे रंगूनला परतली. थोरली राजकन्या रत्नागिरीतच राहिली आणि तिच्या मुलीचं आयुष्य तिथल्याच साध्या माणसांत, मराठी बोलत गेलं. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस'मुळे ही गोष्ट इंग्रजी वाचकांना आणि तिथून इतर भाषांना ठाऊक झाली. कोकणात ती आधीपासूनच घरची होती. आणि इतिहासानं तिचा दुसरा अर्धा भाग स्वतःच लिहून ठेवला: रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत असताना रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत होता.

ज्या कंपनीच्या सागावरून एक राज्य गेलं, तिच्याच नावाखाली पुढे भारतात सागाचं चित्र छापलेला पत्रा विकला गेला. यात कोणाचा कट नाही. शंभर वर्षांत धंदे बदलतात, मालक बदलतात. आज ही कंपनी ज्या वाडिया समूहात आहे त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला जहाजं बांधायला आले. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागाची लढाऊ जहाजं झाली. त्यांतलं १८१७चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. सागाच्या गोष्टीत माणसं अशी पुन्हा पुन्हा भेटतात, कारण साग जिथे होता तिथे पैसा होता आणि पैशामागे आरमार होतं. 'टीक' हा शब्दही असाच प्रवास करून आलेला: मलयाळममधला 'तेक्क', पोर्तुगीजांनी केला 'तेका', इंग्रजांनी 'टीक', आणि तिथून तो आपल्या कॅटलॉगमध्ये, आपल्याकडे संस्कृत 'शाक'वरून आलेला 'साग' असताना.

मग खरं लाकूड का नको, असं कोणी विचारेल. मीही स्वतःला विचारलं. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात ईशान्येच्या राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि परवान्याविना चाललेल्या गिरण्या बंद करायला लावल्या. आसाम-अरुणाचलच्या जंगलांवर उभा असलेला प्लायवुडचा धंदा कोसळला, आणि हरियाणातल्या यमुनानगरसारख्या ठिकाणी शेतांच्या बांधांवर लावलेल्या पॉपलर-निलगिरीवर तो वाढला. माझ्या कपाटाच्या आतलं प्लाय बहुधा अशा शेतातलंच आहे. म्यानमारनं २०१४च्या एप्रिलपासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेनं आणि युरोपनं निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा लष्कराच्या तिजोरीत जात होता. म्हणजे सागाची किंमत मोजणारी माणसं १८८५मध्ये होती तशी आजही आहेत. या हिशेबात छापील साग निदान कोणाचं राज्य घेत नाही. राळेतलं फॉर्माल्डिहाइड, पुन्हा न वितळणारा आणि म्हणून पुन्हा न वापरता येणारा पत्रा, हे त्याचे दोष आहेतच. प्लाय आणि डिंक घेताना कमी उत्सर्जनाचा दर्जा पाहून घ्यावा तो याचसाठी.

वरच्या थराबद्दलचा आपला संशय जुना आहे. डिकन्सनं 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये एका नवश्रीमंत कुटुंबाचं नावच व्हेनिअरिंग ठेवलं. व्हेनिअर म्हणजे स्वस्त लाकडावर चिकटवलेला उंची लाकडाचा पातळ पापुद्रा. मराठीत आपण मुलामा म्हणतो आणि तो शब्द सहसा चांगल्या अर्थानं वापरत नाही. पण मराठीतच कल्हई, गिलावा, सारवण हेही शब्द आहेत, आणि त्यांत फसवणूक नाही. कल्हईमुळे पितळेच्या भांड्यात आंबट शिजवता येतं, गिलाव्यामुळे भिंत पाऊस सोसते. फरक थर असण्या-नसण्याचा नसून तो थर स्वतःबद्दल काय सांगतो याचा आहे. १९८१ साली मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास आणि त्याच्या 'मेम्फिस' गटानं लॅमिनेट लावलेल्या भडक रंगांच्या वस्तू मांडल्या, तेव्हा अनेकांना ते वात्रटपण वाटलं. मला त्यात एक सरळपणा दिसतो. तो पत्रा लाकूड असल्याचं भासवत नव्हता.

भाषांतरकाराला हा प्रश्न रोजचा आहे. मूळ कृतीच्या 'ऐवजी' वाचली जाणारी वस्तू आम्ही करतो. ती मुळाची नक्कल म्हणून खपवायची की तिची कड उघडी ठेवायची, हे दर पानावर ठरवावं लागतं. कडेला काळी रेघ दिसली तर दिसू द्यावी, असं माझं मत वयाबरोबर होत गेलं आहे.

शेवटी मी दारांना साधा फिकट राखाडी घेतला, स्वेडमध्ये. फिनिशबद्दल मिस्त्रींचंच खरं होतं. बर्मा टीक नको म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. मी थिबा राजाची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, मग म्हणाले, "म्हणजे राजाचं लाकूड होतं." त्यांचं भाषांतर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आठवड्यानं दुकानातून बिल आलं. कंपनीचं नाव नव्हतं, रंगाचा आकडा नव्हता. एका ओळीत लिहिलं होतं: सनमायका, १४ नग.